जुन्या संगणकावरील खेळांचे निदान : प्रस्तावना

खेळ ऐन रंगात आलेला असताना पडदा एकाएकी काळा व्हावा, किंवा चित्र जागच्या जागी गोठून ध्वनीचा एकच तुकडा पुनःपुन्हा घुमत राहावा, आणि अखेरीस डेस्कटॉपवर एक लहानशी चौकट येऊन तिने प्रोग्रामचे काम थांबल्याचे तेवढे सांगावे, हा अनुभव ज्याच्या घरी जुना पीसी आहे त्याला नवा नाही. त्यानंतर जे घडते तेही ठरलेलेच असते. शेजारचा जाणता मुलगा म्हणतो, 'रॅम वाढवा'. दुरुस्तीवाला म्हणतो, 'फॉरमॅट मारून देतो'. आणि दुकानदार सांगतो की मशीन फार जुने झाले, आता नवेच घ्या. हे तिन्ही सल्ले कधीमधी लागू पडतात. परंतु लागू पडले तरी ते विचारपूर्वक दिलेले नसतात, कारण खेळ का बंद पडला हा प्रश्न तिघांपैकी कोणीही विचारलेला नसतो. प्रस्तुत पुस्तक त्या एका प्रश्नाकरिता लिहिले आहे, आणि तो प्रश्न धिमेपणाने विचारण्याची सवय वाचकाला लागावी एवढीच त्यामागील आकांक्षा आहे.

जुना संगणक म्हणजे किती जुना, याची मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' हा खेळ प्रसिद्ध झाला त्या वेळच्या डॉस-यंत्रांपासून, २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या आणि पुढे विंडोज सेव्हनच्या यंत्रांवरून उतरत, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जिची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली त्या विंडोज टेनवर आजही चालणाऱ्या घरगुती संगणकांपर्यंत, एवढा काळ मी दृष्टीसमोर ठेवला आहे. या काळाच्या पोटात दोन अगदी निरनिराळ्या अवस्था येतात: यंत्र जुने आणि खेळ नवा ही एक, आणि खेळ जुना परंतु भोवतालची व्यवस्था त्याच्या मागाहून आलेली ही दुसरी. पहिलीत यंत्राची शक्ती खरोखरच अपुरी पडण्याचा संभव असतो. दुसरीत शक्ती गरजेच्या कितीतरी पट अधिक असूनही खेळ उभा राहत नाही, आणि तेथे 'मशीन जुने झाले' हे उत्तर केवळ अपुरेच नव्हे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट असते.

माझे मुख्य प्रतिपादन असे की, खेळ बंद पडतो तो बहुधा यंत्र जीर्ण झाले म्हणून नव्हे, तर खेळ लिहिणाऱ्याने आपल्या काळी जे गृहीत धरले होते ते पुढे गृहीत धरण्याजोगे उरले नाही म्हणून. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले कित्येक प्रोग्राम सुरू होताच प्रथम यंत्राचा वेग अजमावीत. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एका रिकाम्या आवर्तनाच्या किती फेऱ्या होतात हे मोजून त्या संख्येस ५५ ने भागीत, आणि येणारा भागाकार सोळा बिटांच्या जागेत, अर्थात ६५,५३५ पर्यंतच्या संख्येत, मावेल असे धरून चालत. प्रोसेसरचा वेग २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेला, भागाकार त्या जागेत मावेनासा झाला, आणि काल निर्वेध चालणारे प्रोग्राम 'रनटाइम एरर २००' एवढेच सांगून पहिल्या पावलाला थांबू लागले. विंडोज ९५ चीही अशीच कथा आहे: एएमडी कंपनीचा के६-२ हा प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झ वा अधिक वेगाचा असला की ती सुरू होतानाच कोलमडे, आणि कारण पुन्हा वेळ मोजणाऱ्या एका चिमुकल्या आवर्तनाचेच होते. विंडोज ९८ मध्ये कोणी हौसेने ५१२ मेगाबाइटांहून अधिक रॅम बसविली, तर मेमरी विपुल असतानाच विंडोज ती अपुरी असल्याची तक्रार करी. या तिन्ही उदाहरणांत यंत्र दुबळे झालेले नाही. ते अपेक्षेहून बलवान झाले, आणि त्या बलानेच जुना हिशेब मोडला.

आपल्याकडील घराघरांत आणि सायबर कॅफेंत जो खेळ एका पिढीने मनसोक्त खेळला त्या 'एज ऑफ एम्पायर्स २' चे उदाहरण तर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येण्याजोगे आहे. १९९९ च्या या खेळाचे सारे चित्र एका वेळी केवळ २५६ रंगांत रंगविलेले असे, आणि ते रंग कोणते याची एक सारणी खेळ चालू होताना यंत्राच्या स्वाधीन करी. पुढे विंडोज सेव्हनवर तोच खेळ लावला असता गवत, पाणी आणि माणसे भलत्याच रंगांत दिसू लागत. लोकांना वाटे की ग्राफिक्स कार्ड गेले. कार्ड धडधाकट असे. डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम त्याच सारणीतील काही जागांवर आपला हक्क सांगत असल्यामुळे खेळाचे रंग विस्थापित होत. टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर बंद केला, खेळ पुन्हा सुरू केला, की गवत हिरवे होई. ज्या घरात या कारणाकरिता नवे कार्ड विकत घेतले गेले असेल त्या घराचे पैसे अज्ञानापायी गेले असेच म्हटले पाहिजे, आणि हे अज्ञान दूर करणे मुळीच कठीण नव्हते.

जे खेळ सीडी किंवा डीव्हीडीवर मिळत त्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते, आणि तिच्याविषयी मला काहीशा तीव्रतेने लिहिणे भाग आहे. नक्कल रोखण्याकरिता सेफडिस्क नावाची एक पहारेदार व्यवस्था अनेक खेळांत बसविलेली असे; ती विंडोजच्या अगदी गाभ्यात स्वतःचा एक ड्रायव्हर घुसवून मूळ तबकडी ड्राइव्हमध्ये आहे किंवा नाही याची झडती घेई. हा ड्रायव्हर सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचा ठरला, विंडोज टेनने २०१५ साली त्याला थारा दिला नाही, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात आलेल्या एका अद्यतनाने व्हिस्टा, सेव्हन व एट या जुन्या आवृत्त्यांतही त्याला मनाई झाली. गाभ्यात असे छिद्र राहू देणे योग्य नव्हतेच, म्हणून मायक्रोसॉफ्टचा निर्णय मला मान्य आहे. परंतु परिणाम असा झाला की ज्याने रीतसर पैसे मोजून, पावती घेऊन खेळ विकत घेतला त्याचीच तबकडी निरुपयोगी झाली, आणि ज्याने नक्कल मिळविली होती त्याचा खेळ चालत राहिला. खेळ विकणाऱ्या संस्थांनी पहारा स्वतः काढून घेणारा पॅच ग्राहकास द्यावयास हवा होता. काहींनी तो दिला, पुष्कळांनी दिला नाही. ज्यांनी आपल्या खेळाचे मूळ लेखनच खुले केले त्यांचे उदाहरण याउलट आहे. 'डूम' चा सोर्स कोड १९९७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला, आणि म्हणूनच तो खेळ आज जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालविता येतो.

आता पद्धतीविषयी. आपल्या वैद्यकपरंपरेत माधवकराच्या ग्रंथाने रूढ केलेली निदानाची पाच अंगे प्रसिद्ध आहेत: निदान म्हणजे हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती, म्हणजे रोग घडत जाण्याचा क्रम. संगणकाच्या दुरुस्तीवरील परभाषेतील पुष्कळ पुस्तके चाळल्यानंतरही याहून सुटसुटीत चौकट मला आढळली नाही, म्हणून या पुस्तकाची रचना तिच्याच आधारे केली आहे. बंद पडण्यापूर्वी खेळ अडखळत होता काय, पंखा मोठ्याने फिरू लागला होता काय, पडद्यावर ठिपके किंवा फाटक्या आकृत्या उमटल्या होत्या काय, हे सारे पूर्वरूप होय. प्रत्यक्ष कोलमडण्याची तऱ्हा हे रूप: डेस्कटॉपवर परत येणे वेगळे, निळा पडदा येणे वेगळे, सबंध यंत्र क्षणार्धात पुन्हा सुरू होणे त्याहून वेगळे. आणि उपशय म्हणजे एकच उपाय करून पाहणे व त्याने उतार पडतो की नाही यावरून रोगाची परीक्षा करणे. उपशय या अंगाचीच सर्वाधिक पायमल्ली होते. ड्रायव्हर नवा टाकला, रॅम काढून पुन्हा बसविली, व्हायरसची झडती घेतली, खेळ पुन्हा इन्स्टॉल केला, आणि हे सारे एकाच सायंकाळी. मग खेळ चालला तरी कशाने चालला हे कळत नाही, व महिन्याभराने तो पुन्हा पडला की तपास पहिल्यापासून आरंभावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपून ठेवावा, आणि परिणाम पाहिल्यावाचून दुसऱ्यास हात घालू नये, हा नियम या पुस्तकात मी अनेकदा सांगितला आहे. ती पुनरुक्ती हेतुपुरस्सर आहे.

रूपाचा लेखी पुरावा यंत्र स्वतःच ठेवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाचे एक दप्तर आहे. त्यात कोणता प्रोग्राम किती वाजता पडला, पडताना नियंत्रण कोणत्या मॉड्यूलच्या हाती होते, आणि अपवादाचा सांकेतिक क्रमांक काय होता, याची नोंद सापडते. क्रमांकाच्या शेवटी 'सी००००००५' असे असेल तर प्रोग्रामने मेमरीच्या अशा जागेस स्पर्श केला की जी त्याची नव्हती. याचे मूळ खेळाच्या दोषात, ड्रायव्हरात किंवा सडलेल्या रॅमच्या एखाद्या बिटात असू शकते. 'सी०००००१डी' असे असेल तर प्रोसेसरला एक अशी आज्ञा दिली गेली की जी त्याला मुळात येतच नाही. २०१६ साली 'नो मॅन्स स्काय' प्रसिद्ध झाला तेव्हा एएमडीच्या फेनम प्रोसेसरच्या धन्यांना याच जातीचा अनुभव आला: वेग पुरेसा, मेमरी पुरेशी, परंतु एसएसई ४.१ या आज्ञासंचाची जाण त्या प्रोसेसरला नव्हती. नोंदीत मॉड्यूलचे नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचे असेल तर संशयाची दिशा स्पष्ट होते. मात्र 'एनटीडीएलएल' हे नाव आढळल्यास त्यालाच अपराधी धरून चालू नये, कारण दुसऱ्या कोणी आधीच विसकटून ठेवलेली मेमरी हाताळताना ते सापडलेले असते. आणि यंत्र एकाएकी बंद होऊन पुन्हा सुरू झाले असता जर दप्तरात 'कर्नल-पॉवर' ची ४१ क्रमांकाची नोंद तेवढी असेल, तर खेळाच्या फाइली चाळीत बसण्यापेक्षा वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसकडे व उष्णतेकडे पाहावे. विजेवाचून क्षणात मेलेल्या यंत्राला कारण लिहून ठेवण्यास अवधी मिळालेला नसतो.

उष्णता व वीज यांविषयी ग्रंथात एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते दीर्घ झाले आहे, आणि मला ते तसेच ठेवावेसे वाटले. खेळ सुरू होऊन वीसएक मिनिटे नीट चालावा व मग पडावा, थोडा वेळ यंत्र बंद ठेवले की पुन्हा तेवढाच चालावा, हे रूप प्रायः उष्णतेचे असते. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून पाहिले तर प्रोसेसरवरील पंख्याखाली, हीटसिंकच्या पातळ पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला दिसतो. पंखा फिरत असतो, पण त्याची हवा धातूला लागतच नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप वर्षानुवर्षांच्या तापाने सुकून खडूसारखा झालेला असतो. याच वेळी मदरबोर्डवरील दंडगोलाकार कपॅसिटरांच्या माथ्यांकडेही नजर टाकावी. माथा सपाट असावा, तो फुगलेला किंवा तपकिरी द्रवाने डागळलेला असेल तर निदान तेथेच संपले. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर फार मोठ्या प्रमाणावर बाजारात आले होते, आणि त्या काळातील पुष्कळ मदरबोर्ड त्यांपायीच अकाली गेले. महाराष्ट्रात या शतकाच्या पहिल्या दशकात ज्या गावांनी भारनियमनाचे तासच्या तास सोसले तेथील एसएमपीएसांनी वीज जाण्यायेण्याचे हजारो धक्के खाल्ले आहेत, आणि कोकणातील व गोव्यातील दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर जी काजळी चढते ती साध्या खोडरबराने हलकेच पुसून काढल्याने कित्येक 'मेलेली' यंत्रे उठून बसतात. ही कामे करणाऱ्याने वीज पूर्णतः तोडलेली असावी, हे वेगळे सांगावयास नको, तरीही सांगतो.

रॅम वाढविण्याच्या सल्ल्याचाही येथेच परामर्श घेतो. बत्तीस बिटांचा खेळ, त्याला विशेष परवानगीची खूण नसेल तर, दोन गिगाबाइटांहून अधिक मेमरी वापरूच शकत नाही. यंत्रात चार गिगाबाइट असोत की सोळा. एखाद्या जुन्या खेळात हौशी लोकांनी केलेली नवी चित्रे व नकाशे भरले की तो दोन तासांनी या भिंतीला जाऊन धडकतो. अशा वेळी दुकानातून आणलेली रॅम काडीचीही उपयोगी पडत नाही, आणि फाइलीतील ती एक खूण बदलल्याने काम होते. परंतु न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक अडचणीला उतारा नसतो. ज्या प्रोसेसरला आज्ञासंचच ठाऊक नाही, ज्या कार्डाला डायरेक्टएक्सची लागणारी पायरी गाठता येत नाही, त्याच्यापुढे कोणतीही युक्ती चालत नाही. तेथे मी तसे स्पष्ट लिहिले आहे, आणि वाचकाचा वेळ वाया दवडलेला नाही.

नेटवर्कवरील जोडणीचे प्रकरण याहून निराळे आहे, कारण तेथे दोष आपल्या टेबलावर असेलच असे नाही. तो आपल्या यंत्रात असेल, मधल्या मार्गावर असेल, किंवा पलीकडच्या सर्व्हरवर असेल. आणि तिन्ही ठिकाणच्या दोषांचे बाह्य रूप एकच, 'कनेक्शन फेल्ड'.

आपल्या यंत्रातील दोषांपैकी एकाचे वर्णन सविस्तर करतो, कारण तो अत्यंत सामान्य असूनही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव, आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. यंत्र बंद असताना दिनांक व वेळ राखणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो, आणि मग प्रत्येक वेळी यंत्र जागे होते ते आपल्या जन्माच्या सुमारास: पडद्याच्या कोपऱ्यात २००९ किंवा २०१० साल दिसू लागते. धन्याला त्याचे काही वाटत नाही, कारण खेळाला तारखेशी काय कर्तव्य! परंतु आजची प्रत्येक सुरक्षित जोडणी सर्व्हरने सादर केलेल्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते, आणि त्या प्रमाणपत्रावर 'अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत वैध' अशी मुदत लिहिलेली असते. यंत्राच्या मते आज २००९ साल असल्याने ते प्रमाणपत्र अद्याप अमलातच आलेले नाही, आणि म्हणून यंत्र जोडणी नाकारते. लॉगिन होत नाही, पासवर्ड चुकल्याचा भास होतो, राउटर बदलला जातो, इंटरनेटवाल्याशी भांडण होते. आणि हवा असतो तो केवळ एक सेल. याच दोषाची उलट बाजू ३० सप्टेंबर २०२१ रोजी दिसली. त्या दिवशी एका फार वापरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ज्या जुन्या यंत्रांत नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचले नव्हते त्यांना पुष्कळ स्थळे एकाएकी दुरावली.

दुसरा दोष फायरवॉलचा. २००४ च्या ऑगस्टमधील एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती आपोआप चालू असते, आणि नव्या प्रोग्रामने येणाऱ्या जोडण्यांसाठी दार उघडले की परवानगी विचारणारी एक चौकट दाखविते. जुने खेळ सबंध पडदा व्यापतात. ती चौकट त्यांच्या पाठीमागे उघडते, कोणी तिला उत्तर देत नाही, आणि परवानगी न मिळाल्याने बाहेरून येणारी जोडणी अडविली जाते. मित्रमंडळी एकाच खोलीत बसून खेळावयास जमली असता एकाचा पीसी इतरांना दिसतच नाही, तेव्हा प्रथम हे पाहावे. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट: १९९० च्या दशकातील लॅनवरचे अनेक खेळ आयपीएक्स या शिष्टाचाराने परस्परांशी बोलत, आणि विंडोज व्हिस्टापासून तो शिष्टाचार विंडोजमधून काढून टाकलेला आहे. येथे केबल बदलून काहीच साधत नाही. आयपीएक्सचे बोलणे आयपीत उतरविणारा दुभाषी प्रोग्राम मध्ये बसवावा लागतो.

मार्गावरील अडथळ्यांत सर्वांत दुर्बोध वाटणारा अडथळा नॅटचा, आणि तो समजण्यास पुण्यातील जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. आत बिऱ्हाडे अनेक, परंतु रस्त्यावर उघडणारा दिंडी दरवाजा एकच, आणि बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला पत्ता त्या दरवाजाचा; राउटर म्हणजे हाच दरवाजा. आतल्या बिऱ्हाडाने पत्र पाठविले की दरवाजावरचा माणूस ते लक्षात ठेवतो, म्हणून उत्तर आले असता ते योग्य खोलीत पोहोचते. परंतु कोणी अनाहूत पाहुणा आला तर त्याला कोणाकडे पाठवावे हे न कळून तो त्याला परत लावतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळावयास जाणे म्हणून सुकर, आणि स्वतःच्या घरी सर्व्हर मांडून इतरांस बोलावणे म्हणून दुष्कर. 'काउंटर-स्ट्राइक' चा सर्व्हर मांडणारा मनुष्य राउटरमध्ये २७०१५ या पोर्टवर आलेल्यास माझ्या यंत्राकडे धाडावे असा हुकूम लिहून ठेवतो, तो याचसाठी. आता पुष्कळ ब्रॉडबँडवाल्यांनी व मोबाइल कंपन्यांनी सबंध पेठेलाच आणखी एक वेस घातली आहे. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल व त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर आपण त्या वेशीच्या आत आहोत असे समजावे. या पत्त्यांची राखीव तरतूद २०१२ साली झाली. अशा ठिकाणी राउटरमध्ये कितीही हुकूम लिहिले तरी वेशीवरच्या माणसापर्यंत ते पोहोचत नाहीत, आणि कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागणे किंवा मित्राच्या घरी सर्व्हर मांडणे एवढेच हाती उरते.

लॅग ज्याला म्हणतात त्याच्या बाबतीत वाचकाने एक परीक्षा अवश्य करावी. प्रथम स्वतःच्या राउटरला पिंग करावे; तेथेच वेळ कधी दोन तर कधी दोनशे मिलिसेकंद दिसत असेल तर इंटरनेट निर्दोष आहे, दोष वाय-फायचा आहे, आणि साध्या केबलने तो जातो. राउटरपर्यंत सारे स्थिर असेल तर पुढे पाहावे, परंतु भूगोल विसरू नये. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर, तेव्हा जाऊन येण्यास चाळीस मिलिसेकंद हे निसर्गाचेच देणे आहे, आणि समुद्रातील केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. यावर मात करण्याचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी १९९६ च्या डिसेंबरातील 'क्वेकवर्ल्ड' या खेळात केला. मोडेमवरून खेळणाऱ्याने कळ दाबताच सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता त्याच्याच यंत्राने पुढील हालचालीचा अंदाज बांधून ती दाखवावी, आणि उत्तर आल्यावर चूक असल्यास सुधारावी, अशी ती योजना होती. खेळाडू क्वचित मागे ओढल्यासारखा होतो तो या सुधारणेच्या क्षणी.

आणि पलीकडचा सर्व्हरच उरला नसेल तर? ३१ मे २०१४ रोजी गेमस्पाय ही सेवा बंद झाली, आणि खेळाडूंची गाठ घालून देण्याकरिता तिच्यावर विसंबलेल्या असंख्य खेळांची ऑनलाइन बाजू एका दिवसात ओस पडली. खेळ विकणाऱ्या स्टीम या सेवेने १ जानेवारी २०१९ पासून एक्सपी व व्हिस्टाचा आणि १ जानेवारी २०२४ पासून विंडोज सेव्हन व एटचा आधार काढून घेतला. या ठिकाणी घरातील यंत्राची कितीही शुश्रूषा केली तरी व्यर्थ. कोठे हौशी मंडळींनी स्वतःचा सर्व्हर उभारला आहे काय, एवढीच चौकशी करावी. एक्सपीवरच खेळावयाचे असेल त्याला माझा निःसंदिग्ध सल्ला असा की ते यंत्र इंटरनेटपासून पूर्णपणे तोडावे व घरच्या लॅनपुरते ठेवावे. एप्रिल २०१४ नंतर एक्सपीची छिद्रे बुजविण्याची नियमित व्यवस्था राहिलेली नाही.

एवढा खटाटोप खेळांकरिता कशाला, असे विचारणारे भेटतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले तेव्हापासून या देशातील असंख्य तरुणांनी यंत्राशी पहिली झुंज घेतली ती खेळ चालविण्याकरिताच. ड्रायव्हर म्हणजे काय, पोर्ट म्हणजे काय, मेमरी कोठे खर्च होते, हे ते वर्गात ऐकण्यापूर्वी रात्री जागून शिकले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग पारखून घेताना त्या ज्ञानाची परीक्षा त्यांनी दिली. शिवाय ज्या घरी नवा संगणक येणे शक्य नाही, जेथे कोणा नातेवाइकाचा किंवा कचेरीतून काढलेला पीसी हाच एकमेव आहे, तेथील मुलाला 'नवे घ्या' हे उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या यंत्राचे नीट निदान करून द्यावे, आणि जमल्यास ते त्याच्याच हातून करवून घ्यावे.

वाचकास दोन विनंत्या आहेत. कोणी फॉरमॅटचा सल्ला दिला तर आधी साठविलेले डाव शोधून पेनड्राइव्हवर घ्यावेत. ते डॉक्युमेंट्समध्ये असतीलच असे नाही. जुने खेळ आपल्या स्थापनेच्या फोल्डरातच लिहू पाहतात, आणि व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या आडजागी वळविते. दुरुस्तीवाल्याला ही जागा ठाऊक नसते आणि वर्षानुवर्षांची कमाई पुसली जाते. दुसरी विनंती अशी की, या पुस्तकात नसलेला दोष व त्याचा उतारा ज्याला सापडेल त्याने प्रोसेसर, कार्ड, विंडोजची आवृत्ती आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील क्रमांक यांसह तो मराठीत लिहून ठेवावा व इतरांस द्यावा. पहिले प्रकरण यंत्र बंद करून, वीज तोडून करावयाच्या कामांचे आहे. आरंभ तेथूनच करावा.